अनुदानाचें पाणी कोणाच्या घागरींत?

लहान शहरांस पाणीपुरवठ्यासाठीं सरकारांतून अनुदान मिळतें, ही गोष्ट आतां मावळांतल्या पोरासोरांनाही ठाऊक झाली आहे. निवडणूक आली कीं कोटींचे आंकडे भिंतीवर चढतात आणि निवडणूक सरली कीं पावसाच्या पहिल्या सरीबरोबर धुऊन जातात. डिसेंबर २०२५ मध्यें नगरपरिषदांच्या व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, कित्येक ठिकाणचा वर्षानुवर्षांचा प्रशासकी कारभार संपला, आणि लोणावळें, तळेगांव, वडगांव येथें पुन्हां लोकांनीं निवडलेलीं माणसें खुर्चीवर बसलीं. आतां हीं माणसें पाण्याच्या नांवानें मुंबईच्या खेपा घालूं लागतील, हें उघड आहे. तेव्हां अनुदान म्हणजे काय, तें कोठून निघतें, कोणत्या वाटेनें येतें आणि वाटेंत कोठें मुरतें, हें आमच्या शेतकऱ्यानें, कुंभारानें, परटानें, चांभारानें एकदां नीट समजून घेतलें पाहिजे. न समजतां टाळ्या पिटणें हा आपल्या समाजाचा जुना रोग आहे.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहा. अनुदान या शब्दाच्या पोटांत दान दडलें आहे. त्यामुळें आमचा भोळा माणूस समजतो कीं, कोणी दाता वर बसला असून तो ओंजळभर पाणी खालीं सोडतो आणि आपण हात जोडून तें झेलावयाचें. सत्य याच्या अगदीं उलट आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. मावळांतली बाई साबणाची वडी घेते, तिचा नवरा मोटारीचा पाईप घेतो, न्हावी पातीं घेतो, गवंडी सिमेंटची गोणी घेतो. दर खेपेस सरकारच्या पेटींत कांहीं ना कांहीं पडतेंच. धनवान पुष्कळ भरतो हें खरें, पण गरीब रोज भरतो. त्या पेटींतूनच अनुदान निघतें. आपलाच पैसा दिल्लीस व मुंबईस जाऊन, आठ टेबलांवर विश्रांति घेऊन, अंगावर शिक्के मिरवीत परत येतो, त्याला अनुदान म्हणतात. त्याचा हिशेब विचारणें हा उद्धटपणा नव्हे, तो धन्याचा हक्क आहे.

आणि मावळासारख्या मुलखानें पाण्यासाठीं हात पसरावा, हीच मुळीं विचित्र गोष्ट. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार ते पांच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इंद्रायणी येथेंच उगम पावते, पवना येथलीच, आंद्रा व कुंडलीही येथल्याच. येवढें असून चैत्र-वैशाखांत घाटमाथ्यावरच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांतून आणि धनगरांच्या वस्त्यांतून बाया हंडे घेऊन दरींतल्या झऱ्यावर उतरतात, आणि सडकेच्या कडेला टँकरची वाट पाहणारीं पिंपें रांगेनें उभीं असतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण ज्यानें केली, तो बहुधा आमच्याच खोऱ्यांतला असावा. मावळ तहानलेला आहे तो पाणी कमी म्हणून नव्हे. येथलें पाणी पहिल्यापासून दुसऱ्याच्या कामाचें ठरलें म्हणून.

याचा इतिहास लांब आहे, पण थोडक्यांत सांगतों. भोर घाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली. तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पाहिजे, म्हणून रेल्वे कंपनीनें भुशीचें धरण बांधलें; त्याच धरणाच्या पायऱ्यांवर आज मुंबई-पुण्याची मंडळी पावसांत भिजावयास येतात. म्हणजे लोणावळ्यांत बांधीव पाण्याची सोय झाली ती इंजिनासाठीं. पुढें १९१० सालीं टाटांची वीज कंपनी निघाली. लोणावळें, वळवण आणि शिरोता येथील तलावांचें पाणी नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं खोपोलीस सोडून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली. मग ठोकरवाडीचें धरण झालें व १९२२ सालीं भिवपुरीस वीजघर सुरू झालें. शेजारच्या मुळशी पेट्यांत मोठें धरण उठलें व १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालूं लागलें. मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह मांडला, सेनापति बापट त्यांत पुढें होते, तुरुंगही भोगला. पण धरण झालेंच. जमिनीचे कागद पुष्कळ ठिकाणीं सावकाराच्या नांवावर आणि नांगर मावळ्याच्या हातांत. मग पैसे कोणाच्या पदरांत आणि रस्ता कोणाच्या नशिबीं, हें वाचकांस सांगावयास नको. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळावयाचें तें पाणी तेव्हांपासून आजतागायत पश्चिमेकडे कोंकणांत उतरतें. मुंबईत दिवा लागला. धरणाच्या कांठच्या वाडींत मात्र चिमणी मिणमिणत राहिली.

त्यानंतर पवना धरण आलें, साडेआठ टीएमसींच्या घरांतलें. त्याचें पाणी नदींतून खालीं सोडून रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडकर उचलतात. पिंपरीचा कामगार आमचाच भाऊ आहे, कित्येक मावळांतलेच तेथें नोकरीस आहेत. त्याच्या नळास पाणी मिळूं नये असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. पण पुढें काय झालें तें पाहा. २००५ सालीं केंद्र सरकारनें जवाहरलाल नेहरूंच्या नांवानें मोठ्या शहरांकरितां अनुदानाची मोठी योजना काढली. तिच्यांतून धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद नळ टाकावयाचें ठरलें. नदी आटली तर आमच्या विहिरी व मोटारी कशावर चालतील, हा शेतकऱ्यांचा साधा प्रश्न होता. धरणांत जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा जुना प्रश्न त्याच्या जोडीला होता. उत्तर काय मिळालें? ९ ऑगस्ट २०११ रोजीं, क्रांतिदिनींच, बऊर येथें द्रुतगति मार्गावर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. तिघे शेतकरी ठार झाले, त्यांत एक बाई होती. अनुदानाच्या पैशांतून मावळांत पाणी यावयाचें तें राहिलें. पाणी नेणाऱ्या नळीची योजना तेवढी आली. अनुदान म्हटल्याबरोबर ज्यांच्या डोळ्यांपुढें गंगा वाहूं लागते, त्यांनीं ही तारीख घरांतल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

आतां लहान शहरांकडे वळूं. कायद्यानें लाखावरच्या वस्तीचें गांव अ वर्गांत, चाळीस हजारांवरचें ब वर्गांत आणि त्याखालचें क वर्गांत येतें. २०११ च्या शिरगणतींत लोणावळ्याची वस्ती ५७,६९८ भरली. तळेगांव दाभाडेही पन्नास हजारांवर गेलें. वडगांव २०१८ सालीं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालें. गांव नगर झालें कीं पाटीवरचें नांव बदलतें, घरपट्टी वाढते आणि खातेंही बदलतें. गांवांच्या पाण्याची योजना निराळी, तिचें नांव जलजीवन मिशन, ती १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झाली. शहरांची निराळी, तिचें नांव अमृत. गांवच्या योजनेंत माणशीं ५५ लिटर, शहरच्या योजनेंत गटार असेल तर माणशीं १३५ लिटर धरतात. एकाच शिवेच्या अलीकडे उभी असलेली बाई पंचावन्न लिटरांची आणि पलीकडची एकशेंपस्तीस लिटरांची! अलीकडची बाई शेण काढते, भात लावते, गुरांना पाजते, तरी तिला कमी. हा हिशेब कोणत्या शास्त्रांतून काढला, हें त्या शास्त्र्यांनाच ठाऊक.

अनुदानाचें प्रमाण योजनेगणिक बदलत आलें आहे. २००५ सालीं लहान व मध्यम शहरांकरितां जी केंद्राची योजना निघाली, तींत शंभरांतले ८० रुपये केंद्राचे, १० राज्याचे आणि १० गांवाचे असत. राज्यानें आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें नगरोत्थान महाअभियान काढलें. २०१५ सालच्या पहिल्या अमृत योजनेंत मुख्यतः लाखावर वस्तीचींच शहरें घेतलीं. लहान गांवें पंगतीबाहेर राहिलीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें दुसरी अमृत योजना निघाली, तिनें सर्व शहरांना पानावर बसविलें. लाखाच्या आंतील शहरास केंद्र निम्मा पैसा देतें, उरलेला राज्यानें व नगरपरिषदेनें मिळून घालावयाचा. लहान गांवास मोठा वांटा हें तत्त्व चांगलें आहे, तें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. ज्या गांवांत कारखाने नाहींत, ज्याची घरपट्टी तुटपुंजी, त्या गांवानें शंभर रुपयांची नळयोजना स्वतःच्या खिशांतून करावी म्हणणें म्हणजे उपाशी माणसास भिक्षुकभोजन घालावयास सांगण्यासारखें आहे.

पण हा पैसा गांवाच्या पेटींत आपोआप येऊन पडत नाहीं. अगोदर आराखडा पाहिजे. लहान नगरपरिषदेपाशीं तो करणारा इंजिनिअर कोठला? मग सल्लागार येतो. त्याची दक्षिणा योजनेच्या रकमेवर टक्क्यानें ठरते. म्हणजे जितकी योजना मोठी तितकी दक्षिणा मोठी! झऱ्याला बांध घालून आणि जुन्या नळाचीं छिद्रें बुजवून काम भागत असेल, तरी असा उपाध्या तें कां सुचवील? पूर्वींचे उपाध्ये निदान पंचांग उघडून दाखवीत. हे नवे उपाध्ये नकाशे उघडतात, आणि यजमानास दोन्हींतलें कांहीं कळत नाहीं. त्यानंतर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, मग नगरविकास खात्याची प्रशासकीय मान्यता, मग निविदा. पैसा हप्त्यानें येतो. दुसऱ्या अमृत योजनेंत पहिला हप्ता शंभरांतला वीस, मग चाळीस, मग चाळीस. आधीच्या हप्त्याचा खर्च झाल्याचा दाखला गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाहीं. मध्यंतरीं लोखंड महागलें, मजुरी चढली, तर तो वाढीव बोजा केंद्र उचलीत नाहीं. तो राज्यावर व गांवावर येतो. २०२५ सालीं जलजीवनच्या ठेकेदारांचीं बिलें राज्यांत महिनोन्महिने थकलीं, तेव्हां कित्येक गांवांत चर खणून तसेच पडले, नळ उन्हांत वाळत बसले. २०२४ पर्यंत घरोघर नळ देऊं म्हणणाऱ्यांनीं मुदत २०२८ वर नेली. तहानेला मुदतवाढ देतां येत नाहीं, एवढेंच काय तें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

समजा हें सारें पार पडलें. टाकी उभी राहिली, नळ पडले, कोणी मंत्री येऊन तोटी फिरवून गेला. येथून पुढें काय? आम्ही शाळेंत मुलांना हिशेब घालणारे, तेव्हां वाचकांनाही एक घालतों. घरीं चौथी-पांचवीचें मूल असेल त्याच्याकडून ताडून घ्यावा. लोणावळ्याएवढ्या गांवास, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार माणसांस, माणशीं १३५ लिटर धरलें तर दिवसाला ७८ लाख लिटर पाणी लागतें. तें साठ मीटर उंच टाकींत चढवावयाचें असें धरा. एक लाख लिटर पाणी तेवढें चढविण्यास, पंपाची नेहमींची घट धरून, सत्तावीस युनिट वीज लागते. म्हणजे दिवसाला एकवीसशें युनिट. युनिटास आठ रुपये धरले तर दिवसाचे सुमारें सतरा हजार, वर्षाचे बासष्ट लाख रुपये नुसत्या विजेचे. तुरटी, क्लोरीन, फिटर, वॉचमन, फुटलेले नळ यांचा खर्च निराळा. यांतला एक रुपयाही अनुदानांत नाहीं! अनुदान टाकी बांधून देतें. टाकी भरण्याचा खर्च जन्मभर गांवाच्या माथीं. ज्यानें बैल बक्षीस दिला त्यानें वैरण दिली नाहीं, अशांतला हा प्रकार. आणि ज्या डोंगरावरचें पाणी खालीं पडतांना वीज निर्माण करतें, त्याच डोंगरावरच्या गांवानें पाणी वर चढविण्याकरितां वीज विकत घ्यावयाची, ही थट्टा वर आहेच.

ह्या खर्चाचा बोजा कोणावर पडावा? आमचें मत स्पष्ट आहे. लोणावळ्यास शनिवार-रविवारीं जीं हजारों माणसें येतात तीं शिरगणतींत नाहींत. २०२१ ची शिरगणती झालीच नाहीं. ती आतां २०२७ मध्यें व्हावयाची. तोंवर अनुदानाच्या कागदावर २०११ चेंच गांव, आणि तेंही सोमवारचें! पण पाणी पिणारें गांव शनिवारचें आहे. हॉटेलें आहेत, वर्षांतून चार वेळां उघडणारे बंगले आहेत, त्यांत पोहण्याचे हौद आहेत, हिरवळी आहेत. अशा बंगल्याला आणि मोलकरणीच्या दोन खोल्यांना वर्षाची सारखी ठोक पट्टी लावणें म्हणजे हत्ती व मुंगी यांस एकाच मापानें तोलणें. मीटर लावा. पहिल्या मापापर्यंत घरगुती कुटुंबाला पाणी स्वस्त द्या; त्यापुढें जो जितकें उपशील त्यानें तितका चढता दर द्यावा. कुंभाराचा चिखल, परटाची भट्टी, चांभाराची कुंडी ह्या पोटाच्या गोष्टी आहेत, त्या व्यापारी दरांत घालूं नका. मीटरचें नांव काढलें कीं आपलेच कांहीं लोक ओरडतात. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मीटर नसल्याचा फायदा हंडाभर पाणी नेणाराला कधींच होत नाहीं. ज्याची टाकी मोठी त्यालाच होतो.

नळाबरोबर गटाराचेंही बोललें पाहिजे. घरांत आलेल्या पाण्यापैकीं शंभरांत ऐंशी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतें, असें हें काम करणारे धरतात. म्हणजे वरच्या हिशेबानें दिवसाला बासष्ट लाख लिटर. तें कोठें जावयाचें? उतार इंद्रायणीकडे. लोणावळें, कामशेत, तळेगांव यांनीं सोडलेलें पाणी पुढें देहूच्या घाटावर जातें, आळंदीला जातें. तेथें नदीवर फेंस येतो, वारकरी त्यांतच बुडी मारतो आणि पवित्र झालों म्हणून घरीं जातो. नळाला अनुदान मागतांना जी नगरपरिषद गटाराचें नांव घेत नाहीं, ती खालच्या गांवाची विहीर बाटवीत आहे. बाटविणें हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. ज्यांच्या सावलीनें पाणी बाटतें असें म्हणत, त्यांनीं नदींत कधीं बंगल्याचा मैला सोडला नव्हता.

ह्यावरून एक जुनी हकीकत आठवली, ती आजच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्य म्हटलेल्यांस खुला केला, हें सर्वांस ठाऊक आहे. पण घरचा हौद खुला करणें एका माणसाच्या हातीं असतें. सरकारी पैशाच्या तळ्याचें काय? ऑगस्ट १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत ठराव आणला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले व राखलेले पाणवठे सर्वांस मोकळे असावेत. ठराव पसार झाला. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण कागदानें कोणाची तहान भागत नाहीं. तळ्यावर पाऊल ठेवावयास २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि कोर्टाचा निकाल लागावयास १९३७. पण आम्हांस आज सांगावयाचें आहे तें मधल्या एका गोष्टीविषयीं. ठराव धाब्यावर बसविला जात आहे असें पाहून बोल्यांनीं १९२६ सालीं दुसरा ठराव मांडला: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डें पाणवठे खुले करणार नाहींत त्यांचें सरकारी अनुदान बंद करावें. केवढी साधी आणि केवढी रोखठोक गोष्ट! बोल्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत ते बसले नाहींत, त्यांनीं सरळ थैलीच्या दोरीला हात घातला.

तीच दोरी आज पुन्हां धरली पाहिजे. आज पाणवठ्यावर कोणी जात विचारीत नाहीं असें म्हणतात, तसेंच असो. पण नळाचा नकाशा उघडून पाहा. नळ बाजारपेठेंत जातो, स्टेशनाकडे जातो, बंगल्यांच्या आळींत जातो, आणि झोपडपट्टीच्या, मागासवाड्याच्या, ठाकरवाडीच्या अलीकडे येऊन त्याचा व्यास बारीक होतो. शेवटच्या घराला दाब राहत नाहीं. यंत्रशास्त्र म्हणतें कीं, टोंकाला दाब कमी पडतोच. पण टोंक कोठें ठेवावयाचें, हें यंत्रशास्त्र ठरवीत नाहीं. तें ठरविणारीं माणसें असतात. म्हणून आमची राज्य सरकारकडे मागणी आहे कीं, शंभरांतला चाळिसांचा जो शेवटचा हप्ता आहे तो शेवटच्या वाडीच्या तोटीला बांधून ठेवावा. टाकी पुरी झाल्याचा दाखला पुरे नाहीं. हद्दींतल्या टोंकाच्या दहा घरांत सलग एक महिना पाणी आल्याचा पंचनामा, त्या घरच्या बायांच्या सह्यांनिशीं किंवा आंगठ्यांनिशीं, जोडल्याशिवाय हप्ता सुटूं नये. पुरुषांच्या सह्या नकोत. पाणी किती वाजतां येतें हें त्यांना ठाऊक नसतें.

आणि हद्दीबाहेरच्या वाड्या? नगराचा नळ ज्यांच्या शेतांतून जातो त्यांना हद्दीचें कारण सांगून कोरडें ठेवणें हा शुद्ध अन्याय आहे. ज्या रानांतून नळ जाईल त्या रानांतल्या वस्तीला त्या नळावर तोटी दिलीच पाहिजे. मग ती कोणत्या खात्याच्या वहींत मांडावयाची तें खात्यांनीं आपसांत पाहावें. जेथें नळ चढूंच शकत नाहीं अशा घाटमाथ्यावरच्या घरांना टँकरच्या दावणीला बांधूं नये. पुन्हां एक हिशेब. घराचें छप्पर चाळीस चौरस मीटरांचें धरा आणि पाऊस चार हजार मिलिमीटर. त्या छपरावर वर्षाला एक लाख साठ हजार लिटर पाणी पडतें. चार माणसांच्या घरास माणशीं ५५ लिटरांप्रमाणें फाल्गुन ते ज्येष्ठ अशा १२० दिवसांना २६,४०० लिटर पुरतें. म्हणजे छपरावरच्या पाण्याचा सहावा हिस्सा. साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असें झांकलेलें टाकें बांधलें कीं काम झालें. गांवचा गवंडी तें बांधतो. फुल्यांनीं शेतकऱ्याच्या असुडांत १८८३ सालींच सांगितलें होतें कीं, डोंगरावरचें पाणी ठिकठिकाणीं बांध घालून अडवावें व जिरवावें. पण टाक्याला सल्लागार लागत नाहीं, निविदा लागत नाहीं, कोनशिला बसवावयास जागा नाहीं, म्हणून तें कोणाच्या मनांत भरत नाहीं. पत्र्याचें छप्पर धुऊन पहिल्या दोन सरी वाहूं देण्याची आणि टाक्यांत दर महिन्यास क्लोरीन टाकण्याची खबरदारी घेतली पाहिजे, हें येथें सांगून ठेवतों. नाहींतर टाकें हीच रोगाची खाण व्हावयाची.

आतां नव्या नगरसेवकांस दोन शब्द. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानांतला ठराविक हिस्सा पिण्याच्या पाण्यासाठीं आणि तेवढाच स्वच्छतेसाठीं बांधलेला असे, आणि लोकांनीं निवडलेली सभा असणें ही त्याची अट. २०२२ पासून राज्यांत बहुतेक ठिकाणीं ती सभाच नव्हती. निवडणुका कोर्टांत अडकल्या होत्या आणि कारभार एकट्या प्रशासकाच्या सहीनें चालला. प्रशासक वाईट असतो असें आम्ही म्हणत नाहीं, पण त्याला दाराशीं घागर घेऊन कोणी भेटत नाहीं. तुम्हांला भेटेल. तेव्हां पहिल्या सहा महिन्यांत नवी टाकी मागण्याच्या आधीं जुन्या नळांतून पाणी कोठें गळतें तें मोजा. शंभरांतलें पंचवीस पाणी वाटेंत गळत असेल, तर वरच्या हिशेबांतले दिवसाचे सव्वाचार हजार रुपये तुम्ही जमिनींत ओततां. गळती बुजविण्यास फीत कापण्याचा समारंभ होत नाहीं, हें आम्ही जाणतों. आराखडा मराठींत करून घ्या, नगरपरिषदेच्या दारावर लावा, आणि प्रभागांत सभा घेऊन नकाशा जमिनीवर पसरून दाखवा, म्हणजे आपली वाडी त्यांत आहे कीं नाहीं हें म्हातारीलाही बोट ठेवून सांगतां येईल.

आमच्या वाचकांनींही केवळ घरांत बसून चरफडूं नये. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर आराखड्याची नक्कल मागतां येते, दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही पडत नाहींत. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें जवळच्या शाळामास्तरास गांठावें. आमच्या धंद्यांतले बहुतेक लोक अर्ज लिहून देण्याचे पैसे घेत नाहींत, आणि जो घेत असेल त्याचें नांव आम्हांस कळवावें. अर्जांत तीनच गोष्टी विचाराव्या: आमच्या वस्तीपर्यंत नळ कोणत्या व्यासाचा येणार, टाकी चालविण्याचा वर्षाचा खर्च किती धरला आहे, आणि तो कोणत्या पट्टींतून काढणार. उत्तर तीस दिवसांत आलें पाहिजे. आलेल्या उत्तराची एक नक्कल आणि ज्या वाडीचें नांव आराखड्यांत सांपडलें नाहीं तिचें नांव, घरांची संख्या व जवळचा पाणवठा किती पावलांवर आहे एवढा मजकूर पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवावा. पावलें घागर डोक्यावर घेऊन मोजावीं. होळीपर्यंत जेवढ्या वाड्यांचीं कार्डें येतील तेवढ्या सर्वांचीं नांवें याच पानावर छापूं.